नाना, एकदाच का विचारायचं?

नाना, काल तुमची शोकसभा झाली. तुम्ही असता तर पाचव्या मिनिटाला चपला शोधत बाहेर आला असतात. व्यासपीठावर तुमचा तो फोटो होता, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावरच डाफरताय असं वाटतं. त्याला इतका मोठा हार घातला होता की नुसता चष्मा तेवढा दिसत होता. एकेक जण उठून सांगत होता, नाना किती शांत, नाना किती मितभाषी. मितभाषी! मी वहिनींकडे बघितलं आणि वहिनींनी मागे वळून माझ्याकडे. वहिनींशी, स्वतःच्या बायकोशी, तुम्ही मितभाषी होतात हे मात्र खरं निघालं, पण त्यावर नंतर येते.

शेवटी प्रमुख पाहुणे उठले. तुम्हाला ते आयुष्यात दोनदा भेटले असतील, तेही हार घेताना. घसा खाकरून म्हणाले, "नाना गेले असं कोण म्हणतं? त्यांचे डोळे आजही कुणाच्या तरी चेहऱ्यावरून हे जग बघताहेत." मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! मग बाकीच्यांनीही वाजवल्या. पहिल्या रांगेत वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या होत्या. आपल्या नेत्रदान समितीची आम्ही सगळी माणसं मागच्या रांगेत होतो. एकानंही उठून सांगितलं नाही की अहो, असं काही झालेलं नाही.

सभा संपल्यावर मी आपल्या अध्यक्षांना गाठलं. म्हटलं, "हे खोटं आहे, तुम्हाला माहीत आहे." ते म्हणाले, "सिस्टर, आता सांगून काय मिळणार? ज्यांनी समिती काढली त्यांचंच नेत्रदान झालं नाही म्हटल्यावर लोक काय म्हणतील? जाऊ द्या." पेपरात बातमीही तशीच आली आहे. सगळ्यांनी मिळून तुमचे डोळे परस्पर देऊन टाकले आहेत.

म्हणून हे लिहायला बसले. तुमचे डोळे कुठेही गेले नाहीत, नाना. ते तुमच्याबरोबर अमरधामात जळाले. ज्या माणसानं उभ्या जिल्ह्यात दारोदार हिंडून दुसऱ्यांचे डोळे मागितले, त्याचे डोळे फुकट गेले. मला याचा राग आहे. रडूही येतं, पण राग आधी येतो. तुमच्यावर येतो, स्वतःवर येतो, आणि तुमच्या त्या नियमावर सगळ्यात जास्त येतो.

आपली पहिली भेट तुम्हाला आठवते का? मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. वॉर्डाच्या दारात एक चष्मेवाला गृहस्थ उभा राहून विचारत होता, "इथे आज कुणी गेलंय का?" मला वाटलं, हा शववाहिकेचा दलाल. मी तुम्हाला हात धरून जिन्यापर्यंत सोडून आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही परत आलात, पेढे घेऊन. म्हणालात, "बाई, तुम्ही फार चांगलं हाकललंत. मला अशाच माणसाची गरज आहे." काय म्हणावं असल्या माणसाला? मी पेढा खाल्ला आणि अडकले.

तुमचं रविवार कारंज्यावरचं चष्म्याचं दुकान, त्याच्या मागची ती खोली, जिथे फ्रेमांच्या खोक्यांवर बसून आपल्या सभा व्हायच्या. समिती का काढलीत हे तुम्ही प्रत्येक भाषणात सांगायचात. सिन्नरकडचा एक माणूस मुलीला घेऊन दुकानात आला होता. मुलीच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. तुम्ही त्याला समजावलं की चष्म्यानं काही होणार नाही. तो म्हणाला, "मंग जाड काच टाका ना. लय जाड टाका, पैशाचं बघू नका." डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलंत, तर डॉक्टर म्हणाले, बुबुळ मिळालं तर आज बसवतो, पण देतंय कोण? तिथून तुमच्या डोक्यात हे घुसलं. भाषणात तुम्ही एवढंच सांगायचात. पुढचं कधी सांगितलं नाहीत, ते मी सांगते. त्या मुलीला काहीच मिळालं नाही. ती तशीच मोठी झाली, तशीच नांदायला गेली, आणि आपल्याकडे पहिलं नेत्रदान झालं ते त्यानंतर. तिला शोधायला तुम्ही एकट्यानंच गेला होतात. परत आलात तेव्हा दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलात. 

सुरुवातीची वर्षं आठवली की आजही माझ्या कपाळाची शीर उडते. गणपतीत मंडळाच्या मांडवाशेजारी आपण टेबल टाकायचो. एका बाजूला भेळेची गाडी, दुसऱ्या बाजूला फुगेवाला. लोक लांबून वळसा घालून जायचे. पंचवटीत एका घरातून आपण बाहेर पडल्या पडल्या तिथल्या बाईनं पायऱ्यांवर बादलीभर पाणी ओतलं होतं. गल्लीतली पोरं ओरडायची, गिधाडं आली, गिधाडं आली. घाटावरच्या एका गुरुजींनी तुम्हाला तोंडावर विचारलं, "डोळे काढलेला आत्मा वरची वाट कशी बघणार हो?" तुम्ही म्हणालात, "गुरुजी, आत्म्याला पाय तरी कुठे असतात? तो चालतो कसा ते सांगा, बघायचं मी सांगतो." गुरुजी हसले. पुढे त्याच गुरुजींनी स्वतःच्या आईचे डोळे दिले. हे मी विसरलेले नाही, नाना. माणसाला हसवून त्याच्या मनातली अढी काढायची तुमची हातोटी मला कधी जमली नाही.

आणि तुम्ही शिकवलंत तरी किती! मयताच्या घरी गेल्यावर भेटायला आलो असं म्हणायचं नाही, ते खोटं असतं. विचारायला आलो म्हणायचं. पाणी दिलं तर प्यायचं नाही, त्या घरात त्या दिवशी कुणी आपली उठबस करू नये. देहाजवळ उभं राहून विषय काढायचा नाही. आणि हॉलमधले काका-मामा हो म्हणाले तरी त्यावर विसंबायचं नाही, आत जाऊन बायकांना विचारायचं. हे शेवटचं मात्र माझं. हॉलमध्ये हो झालेलं काम ओट्यापाशी नाही होतं, हे मी तुम्हाला दाखवून दिलं होतं. तुम्ही ते मुकाट्यानं मान्य केलंत. माझं मान्य केलेलं ते एकच.

बाकी आपलं भांडण एकाच गोष्टीवर होतं. तुमचा नियम. एकदाच विचारायचं. समोरच्यानं नको म्हटलं की हात जोडायचे आणि उठायचं. समजूत घालायची नाही, थोड्या वेळानं परत यायचं नाही, शेजाऱ्याकरवी सुचवायचं नाही.

तो नियम कुठून आला हे मला माहीत आहे, मी तेव्हा तुमच्याबरोबर होते. सिन्नरचाच तो दुसरा, काळी-पिवळी जीप चालवणारा माणूस, ज्याचा तरुण मुलगा अपघातात गेला. तो नको म्हणाला. आपण बसून राहिलो. पुन्हा विचारलं, त्याच्या भावाला मध्ये घातलं, तिसऱ्यांदा विचारलं, आणि तो घ्या म्हणाला. पुढे कितीतरी महिने तो जीप उभी करून तुमच्या दुकानात यायचा. काउंटरला टेकून विचारायचा, "नाना, माझ्या पोराला वर काय दिसत असंल का ओ? का चाचपडत असंल?" तुम्ही त्याला चहा पाजायचात. विनोद नाही, काही नाही. त्याच्यापुढे तुमचं तोंड उघडत नसे. मग एक दिवस तुम्ही सभेत सांगितलंत की यापुढे एकदाच. कुणाच्या दुःखात दुसऱ्यांदा हात घालायचा नाही.

मी तेव्हा गप्प बसले. पण मनमाडच्या त्या बाईंचं झाल्यावर मी गप्प राहणं शक्य नव्हतं. रेल्वेतल्या माणसाची विधवा. आपण विचारलं, त्या नको म्हणाल्या, आपण हात जोडून निघालो आणि गाडीत बसून नाशिकला आलो. वर्षश्राद्ध झाल्यावर त्या दुकानात चष्मा करायला आल्या होत्या. सहज बोलावं तसं बोलून गेल्या, "तुम्ही परत विचारलं असतं तर मी दिले असते हो. पहिल्यांदा तर मी चहालासुद्धा नको म्हणते."

मी तुम्हाला म्हटलं, ऐका! ऐका जरा! आपल्याकडे पाहुणा पहिल्या विचारण्याला कधी हो म्हणतो का? पानात जिलबी वाढायची तरी दोनदा म्हणावं लागतं. आग्रह केला नाही तर माणूस उपाशी उठून जाईल, पण मागणार नाही. नको हा आपल्या माणसाचा पहिला शब्दच असतो, तो उंबरठा आहे, दार नव्हे. तुम्ही लेन्स पुसत म्हणालात, "सिस्टर, जिलबी आणि डोळे यात फरक आहे." मी म्हटलं, "फरक आहे म्हणूनच दोनदा विचारायचं." तुम्ही म्हणालात, "आणि तो जीपवाला?" झालं. त्या जीपवाल्यापुढे माझी मनमाडची बाई कधी टिकलीच नाही. किती वर्षं आपण हेच बोललो. शेवटच्या महिन्यातही बोललो. तुम्ही म्हणालात, "यावर एकदा नीट बसू." बसलो नाही.

एक मात्र मी तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. माझी आई गेली तेव्हा तुम्ही आलात, पाणी प्यायला नाहीत, आणि माझ्याच स्वयंपाकघरात माझ्यासमोर उभे राहून माझ्यासारख्या नर्सला विचारलंत, "सुलभाताई, आईचे डोळे देऊ या का?" एरवी सगळ्या गावासारखी सिस्टर, त्या दिवशी सुलभाताई. मी गृहीत धरलं होतं की मला कुणी विचारणार नाही, कारण मी समितीतलीच. तुम्ही विचारलंत. त्या विचारण्यानं मला आधी रडता आलं आणि मग हो म्हणता आलं. नंतर भांडणात तुम्ही तेच माझ्या तोंडावर मारायचात, "तुम्ही नाही का एकदाच्यानं हो म्हणालात?" पण त्या दिवसाचे उपकार माझ्यावर आहेत. ते मी भांडणाच्या भरात कधी बोलले नाही.

पुढे समिती वाढली. डोळ्यांपाठोपाठ त्वचा आली. जळालेल्या बायकांच्या वॉर्डात मी नोकरी केलेली, तिची गरज मला कुणी वेगळी समजावून द्यावी लागली नाही. मग देहदान, मग मेंदूमृत रुग्णांचे अवयव. पहिल्यांदा शहरातून हृदय मुंबईला निघालं तेव्हा पोलिसांनी रस्ता मोकळा केला होता. द्वारकेच्या चौकात माणसं टाळ्या वाजवत उभी होती. तुम्ही त्या गर्दीत मागे उभे. मी म्हटलं, पुढे चला, सगळे कॅमेरे तिकडे आहेत. तुम्ही म्हणालात, "ज्या बाईनं हे दिलं ती आत्ता कुठे असेल हो? तिच्याजवळ कोण बसलंय?" आणि खरोखर रिक्षा करून तुम्ही त्या बाईकडे गेलात. सगळं गाव ॲम्ब्युलन्सच्या मागे आणि तुम्ही उलट्या दिशेनं. तेव्हा मला तुमचा इतका अभिमान वाटला होता की मी घरी येऊन यांना दोनदा सांगितलं.

आता ऑफिस आहे, एसी आहे, मोबाइलवर नोंदणी आहे, रुग्णालयांनी नेमलेली शिकलेली मुलं आहेत. चांगली मुलं आहेत, मी नावं ठेवत नाही. तुम्हाला त्यांनी मार्गदर्शक केलं. म्हणजे काय, तर खुर्ची भिंतीकडे सरकवली. तुम्ही तिथे बसून प्रत्येक नव्या मुलाला एकच सांगायचात. कार्ड भरलं म्हणजे दान झालं नाही. माणूस गेल्यावर कार्ड बोलत नाही, घरची माणसं बोलतात. म्हणून घरी सांगा. समोर बसून, तोंडानं सांगा. हे वाक्य तुमच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की मला ते झोपेतही म्हणता येईल.

आणि मग तो दिवस.

सकाळी चहा घेऊन पेपर वाचता वाचता तुम्ही गेलात. शेजारच्या बाईंचा मला फोन आला. मी नेत्रपेढीच्या डॉक्टरांना कळवलं आणि रिक्षानं पंचवटीला निघाले. वाटेत मला शंका शिवली नाही, नाना. नानांचं घर! तिथे काय विचारायचं? विचारायचं तरी आपल्या रीतीप्रमाणे विचारू, असं म्हणत मी पायऱ्या चढले.

हॉलमध्ये बायका बसल्या होत्या, पदरानं वारा घेत. पंखा बंद होता. तुमच्या डोक्याखाली उशी होती आणि दोन्ही डोळ्यांवर ओला कापूस. मला भरून आलं. आपण हजार ठिकाणी फोनवरून जे सांगतो, पंखा बंद करा, डोकं उंच ठेवा, पापण्यांवर ओला कापूस ठेवा, ते सगळं झालेलं होतं. शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, वहिनींनीच केलं, कुणाला हात लावू दिला नाही.

मी वहिनींना आत घेऊन गेले. ओट्यावर दुधाचं पातेलं तसंच होतं. मी विचारलं, तेच वाक्य, ठरलेलं. "वहिनी, नानांचे डोळे देऊ या का?"

त्या म्हणाल्या, "नको. राहू दे."

माझ्या तोंडात कुणीतरी मारल्यासारखं झालं. त्या माझ्याकडे बघत उभ्या होत्या. काहीतरी पुढे होईल याची वाट बघत होत्या, हे मला आता कळतं. तेव्हा मला फक्त तुम्ही दिसत होतात, लेन्स पुसत बसलेले. दुसऱ्यांदा हात घालायचा नाही. मी हात जोडले आणि बाहेर आले.

बंगळुरूहून तुमच्या मुलीचा फोन आला, ती विमानतळावर होती. म्हणाली, "आई म्हणेल तसं करा, मावशी." डॉक्टर खाली गाडीत बसून होते. आपली सगळी मंडळी अंगणात उभी. सगळ्यांना नियम पाठ, कारण तुम्हीच तो पाठ करून घेतलेला.  मध्ये एकदा वहिनी उठल्या, वाटीत पाणी घेऊन आल्या, आणि तुमच्या डोळ्यांवरचा कापूस पुन्हा ओला केला. मी बघितलं. नाना, मी माझ्या या डोळ्यांनी बघितलं! आयुष्यभर पेशंटच्या नातेवाइकांचे चेहरे वाचत आलेली मी. आणि दाराच्या चौकटीला टेकून तुमचा नियम पाळत उभी राहिले. दुपार झाली, डोळे घ्यायची सहा तासांची मुदत टळली. डॉक्टर मला खूण करून निघून गेले. वहिनींनी कापूस काढला. कुणीतरी पंखा लावला.

हे मी काल रात्रीपर्यंत नुसतं मनात घोळवत होते. आज सकाळी वहिनींकडे गेले, म्हटलं शोकसभेतलं त्यांच्या मनाला लागलं असेल, बसून येऊ. त्या गवार निवडत होत्या. मी म्हटलं, "त्या पाहुण्यांचं मनावर घेऊ नका."

त्या म्हणाल्या, "खोटं बोलला म्हणून नाही ग. टाळ्या वाजल्या ना, तेव्हा मला वाटलं, हे खरं असतं तर किती बरं झालं असतं."

 मग त्यांनी गवार बाजूला ठेवली. तुमची मितभाषी बायको बोलायला लागली, नाना, आणि मला पळून जावंसं वाटलं.

"यांनी सगळ्या नाशकाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "शाळेत सांगितलं, मंडळात सांगितलं, रिक्षावाल्याला सांगितलं. मला नाही सांगितलं. तुमच्या सभांना मी चहा देत आले, जे ऐकलं ते ट्रे हातात धरून ऐकलं. एकदा मीच विषय काढला, तर म्हणाले, अगं, तुला काय सांगायचं, तुला माहीतच आहे. मला माहीत होतं ग. पण मला विचारायला नको? मी बायको ना? जगातल्या सगळ्या बायकांसमोर जाऊन उभे राहिले, हात जोडून विचारत. माझ्यासमोर एकदा नाही."

मी म्हटलं, "मग तुम्ही कापूस का ठेवलात?"

"देणारच होते म्हणून ठेवला! दुसरं कशाला?" आता त्यांचा आवाज चढला. "तू आलीस, विचारलंस, आणि मला एकदम त्यांचा राग आला. तोंडातून नको गेलं. मला वाटलं, तू जवळ बसशील. पाठीवरून हात फिरवशील. वहिनी, असं काय करता म्हणशील. मी रडेन आणि मग हो म्हणेन. तर तू हात जोडलेस आणि चालायला लागलीस! मी पुन्हा पाणी घेऊन आले, सगळ्यांसमोर कापूस ओला केला. म्हटलं आता तरी कुणी विचारेल. मी स्वतः उठून काय सांगणार होते, घ्या म्हणून? नवऱ्याचे डोळे घ्या म्हणून मी कुणाच्या मागे लागायचं होतं का?"

मी त्यांचे पाय धरले. त्यांनी मला उठवलं. म्हणाल्या, "तुझ्यावर राग नाही. तू त्यांचं ऐकलंस. त्यांचं सगळ्यांनीच ऐकलं." मी विचारलं, हे लिहू का? "लिही," त्या म्हणाल्या. "पेपरात खोटं येतं तर खरंही येऊ दे."

नाना, मी तुम्हाला आता काय म्हणू? तुम्ही त्या जीपवाल्याचं दुःख इतकं मनाला लावून घेतलंत की त्यापायी किती होकार उंबरठ्यावरच राहून गेले असतील, देव जाणे. दोन माणसं रांगेत अंधारात बसून होती, त्यांच्यासाठी तुमचे डोळे होते. कापूस ठेवलेले, पंखा बंद केलेले, आयते. आणि बायकोला विचारायला तुम्हाला जमलं नाही. का नाही जमलं? लाज वाटली? भीती वाटली, की मरणाचं नाव काढलं तर ती रडेल? परक्या बायकांचं रडणं तुम्ही बघू शकत होतात, ते निभावायचे शब्द होते तुमच्याकडे. घरचीचं रडणं नको होतं. तुम्ही मोठे होतात यात मला शंका नाही. तुमच्यामुळे ज्यांना दिसतंय ती माणसं मी बघितली आहेत, त्यांच्या हातचं जेवले आहे. पण या एका ठिकाणी तुम्ही चुकलात, आणि त्यावरून आता तुमच्याशी भांडता येत नाही याचा मला संताप येतो.

वहिनींनी मला दारापर्यंत सोडताना विचारलं, "तू तुझ्या घरी सांगितलंयस का?"

मी म्हटलं, "यांना माहीत आहे."

 मी चपला घालून निघाले.

आज दुपारी जेवताना मी यांच्यासमोर बसले. टीव्ही बंद केला. चाळीस वर्षांचा संसार, नाना, आणि ते एक वाक्य मी आधी मनात दोनदा म्हणून बघितलं. मी म्हटलं, "मी गेल्यावर माझे डोळे द्यायचे, त्वचा द्यायची, जे घेण्यासारखं असेल ते द्यायचं. तुम्ही द्याल ना?" यांनी भात कालवायचं थांबवलं.  मग म्हणाले, "नाही. मला नाही जमायचं ते. पुन्हा हा विषय काढू नकोस."

आणि जेवायला लागले. मी आमटी वाढली.

नाना, तुमच्या नियमाप्रमाणे मी आता हात जोडून उठायला हवं. पण हे माझं घर आहे, उठून जाऊ कुठे? उद्या मी पुन्हा विचारणार आहे.